वॉकर आडनाव: कापड तुडवणाऱ्यांचा धंदा, तीन प्रांतांतली तीन नावे आणि आजचा पसारा

वॉकर हे इंग्रजी आडनाव 'चालणारा' या अर्थाचे आहे की राजाच्या जंगलात गस्त घालणाऱ्या रक्षकाचे, ते नेमके कोणत्या धंद्यातून आले आणि आज ते किती प्रमाणात आढळते, असा प्रश्न विचारला गेला आहे. प्रश्नकर्त्याने 'वॉकर घराण्याचे मानचिन्ह' म्हणून विकत मिळणाऱ्या एका चित्राचाही उल्लेख केला असून त्याखाली वनरक्षकाची कथा छापलेली आहे. वंशावळी आणि आडनावांच्या जुन्या नोंदी तपासण्याच्या कामात हे आडनाव माझ्यासमोर वारंवार आले आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो. वॉकर म्हणजे मागावरून उतरलेले लोकरीचे कापड पाण्यात तुडवून स्वच्छ आणि घट्ट करणारा कारागीर. काही थोड्या घराण्यांचे मूळ वेगळे आहे, त्यांचा विचार पुढे केला आहे. परंतु बहुसंख्य वॉकर कुटुंबांच्या बाबतीत हे उत्तर निश्चित धरता येते, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा शब्दकोशापेक्षा इंग्लंडच्या नकाशावर सापडतो.

प्रथम हा धंदा समजून घ्यायला हवा, कारण आज तो डोळ्यांसमोर राहिलेला नाही. मध्ययुगीन इंग्लंडची बरीचशी संपत्ती लोकरीवर उभी होती. आधी कच्ची लोकर परदेशी जात असे आणि १४व्या शतकापासून तयार कापडाची निर्यात वाढत गेली. पण मागावरून नुकतेच उतरलेले लोकरीचे कापड अंगावर घालण्याजोगे नसे. त्याची वीण विरळ असे, आणि लोकरीतली मूळची चरबी व कातताना धागा मऊ राहावा म्हणून लावलेले तेल किंवा लोणी यांमुळे ते तेलकट आणि वासट असे. कारागीर असे कापड लाकडी अथवा दगडी कुंडात घालत, त्यावर पाणी, साठवून शिळे केलेले मूत्र आणि एक विशिष्ट चिकणमाती टाकत आणि ते अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत. शिळ्या मुत्रात अमोनिया तयार होतो आणि त्याच्या क्षारगुणामुळे चरबी सुटते. उरलेला तेलकटपणा माती शोषून घेते. ही माती मराठी वाचकाला परकी नाही. चेहऱ्याला लावण्यासाठी आपण जी मुलतानी माती आणतो, तिच्या पाकिटावर इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' असे छापलेले असते, आणि त्यातला 'फुलर' म्हणजे याच धंद्यातला माणूस. इंग्लंडमध्ये ती सरे परगण्यात नटफील्डजवळ, बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ आणि केंटमध्ये मेडस्टोनच्या परिसरात खणून काढली जात असे. कापडधंद्याला ती इतकी आवश्यक होती की १७व्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदी घातली गेली.

तुडवण्याने केवळ मळ निघत नसे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि सततचा दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू सरकून परत सुटत नाहीत, आणि कापड लांबी-रुंदीला आटून जाड होत जाते. नीट तुडवलेल्या कापडात वीण दिसेनाशी होते. वारा आणि पाऊस अडवण्याची शक्ती त्याला इथूनच मिळते. त्यानंतर ते धुऊन मोठ्या लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत, वाळलेल्या काटेरी बोंडांनी त्यावरची लव उभी करत आणि ती लव मोठ्या कात्रीने सारखी कापत. शेवटचे काम बहुधा वेगळ्या कारागिराचे असे, आणि शर्मन या आडनावातून तो उरला आहे.

हाच धंदा हाताने कसा चाले याचे अलीकडचे उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर मिळते. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बायका लांब फळीभोवती दोन्ही बाजूंना बसत, भिजलेले ट्वीड फळीवर आपटत, चोळत आणि एकीकडून दुसरीकडे सरकवत, आणि हातांचा ठेका एक राहावा म्हणून गाणी म्हणत. एकीने कडवे सुरू करायचे आणि बाकीच्यांनी पालुपद उचलायचे, जात्यावरच्या ओव्यांसारखेच. ही गेलिक गाणी ध्वनिमुद्रित होऊन जतन झाली आहेत. या कामाला स्कॉटिश इंग्रजीत 'वॉकिंग' म्हणतात; लिहिताना त्यात एक जादा अक्षर असते, पण शब्द वॉकर आडनावातलाच आहे.

शब्दाचा इतिहास इथे टाळता येत नाही, कारण सगळा गैरसमज त्यातूनच झाला आहे. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, उलटसुलट करणे, घुसळणे असा होता. कापड लोळवून तुडवणारा तो वॉकर, हा अर्थ जुना आहे. 'पायी चालणे' हा अर्थ मागाहून रूढ झाला आणि त्याने जुना अर्थ पुसून टाकला. आजच्या इंग्रजी भाषकालासुद्धा या आडनावात फक्त चालणेच ऐकू येते. जर्मन भाषेत मात्र कापड तुडवण्याच्या कामाला याच मुळाचा शब्द आजही आहे आणि तिथेही वॉकर हे आडनाव स्वतंत्रपणे तयार झाले.

आता नकाशाकडे येऊ. इंग्लंडमध्ये या एकाच कारागिराला तीन नावे होती. आग्नेय भागात आणि ईस्ट अँग्लियात, म्हणजे केंट, ससेक्स, सरे, एसेक्स, सफोक, नॉरफोक या परगण्यांत, तो फुलर होता; हा शब्द लॅटिन 'फुल्लो' वरून जुन्या इंग्रजीत आला आणि नॉर्मन काळात फ्रेंच शब्दाने त्याला बळकटी दिली. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, डॉर्सेट आणि कॉर्नवॉलमध्ये तो टकर होता. उत्तरेला यॉर्कशर, लँकेशर, डरॅम आणि तिथून खाली मिडलँड्सच्या बऱ्याच भागात तो वॉकर होता. १८८१ च्या जनगणनेतील नावे परगण्यांनुसार मांडली की ही विभागणी जवळपास पाच शतकांनंतरही स्पष्ट दिसते. फुलर जिथे दाट आहेत तिथे वॉकर विरळ, टकर जिथे दाट आहेत तिथे दोन्ही विरळ. तीन आडनावे अशी एकमेकांची जागा भरून काढत असतील, तर ती एकाच धंद्याची प्रांतोप्रांतीची नावे असली पाहिजेत. वॉकर म्हणजे जंगलात हिंडणारा रक्षक असता, तर डेव्हन आणि ससेक्समध्येही जंगले होती आणि तिथेही वॉकर मुबलक निपजायला हवे होते. तसे झालेले नाही. मध्ययुगीन इंग्रजीत वनखात्यातील एका प्रकारच्या रक्षकाला हा शब्द वापरलेला आढळतो हे खरे आहे, आणि एखाद्या घराण्याचे मूळ तिथे असू शकते. पण त्यावरून सगळ्या वॉकरांची कथा रचणे चूक आहे, आणि ही कथा इतक्या सहजपणे छापली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तिच्यामुळे एका कष्टाच्या धंद्याची आठवण त्याच्या वारसांपासून हिरावली जाते.

स्थलनामेही हीच साक्ष देतात. उत्तरेत ओढ्याकाठी 'वॉक मिल', म्हणजे पाण्यावर कापड तुडवण्याची चक्की, अशा नावाच्या जागा आहेत, नैर्ऋत्येत 'टकिंग मिल' आहेत. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नला लागून टकिंगमिल नावाचे गाव आहे, आणि बाथजवळ मिडफर्डच्या परिसरातील टकिंग मिल इथे इंग्लंडचा पहिला भूशास्त्रीय नकाशा करणारे विल्यम स्मिथ राहत होते. वेल्समध्ये अशा चक्कीला 'पँडी' म्हणतात, म्हणूनच तिथल्या टोनीपँडी गावाचे नाव तसे आहे. एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि शर्मन यांच्या संघाची १४७१ मध्ये बांधलेली वास्तू आजही उभी आहे आणि तिला 'टकर्स हॉल' म्हणतात. संघाच्या नावात फुलर आणि लोकांच्या तोंडी टकर, असे दोन्ही शब्द एकाच इमारतीत नांदले. १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील धर्मसुधारक जॉन विक्लिफ यांच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या वस्त्रांच्या शुभ्रतेचे वर्णन करताना त्यांनी 'फुलर किंवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. दोन शब्दांचा अर्थ एकच होता याचा याहून थेट लेखी पुरावा क्वचितच मिळतो.

इथे चक्क्यांचा उल्लेख आला, त्यावर थोडे थांबले पाहिजे. पायांनी तुडवण्याचे काम यंत्राकडे जाणे ही मध्ययुगातली फार मोठी घटना होती. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरवायचे, चाकाच्या दांड्यावरील उंचवट्यांनी जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलायचे आणि कुंडातल्या कापडावर पडू द्यायचे, अशी ही रचना होती. इंग्लंडमधील अशा चक्क्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी दोन ११८५ च्या आहेत. टेम्पलर या ख्रिस्ती लष्करी संघाच्या सरदारांच्या मालमत्तेच्या पाहणीत यॉर्कशरमधील न्यूसम आणि ग्लॉस्टरशरमधील बार्टन इथल्या चक्क्या नोंदल्या आहेत. १३व्या शतकात त्यांचा प्रसार झपाट्याने झाला, आणि जमीनदारांना त्यात उत्पन्न दिसू लागले. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने रयतेने कापड मठाच्याच चक्कीवर आणावे असा आग्रह धरला आणि १२७४ मध्ये त्यावरून मोठा तंटा झाला, कारण लोकांना ते घरीच पायांनी तुडवायचे होते. त्याच शतकाच्या अखेरीस लंडनच्या कारागिरांनीही कापड शहराबाहेरील चक्क्यांकडे जात असल्याची तक्रार केली होती. धंद्याचे स्वरूप असे बदलले तरी नाव बदलले नाही. चक्की चालवणारा माणूसही वॉकरच राहिला, आणि ज्या काळात इंग्लंडमध्ये आडनावे पक्की होत होती त्या काळातले कित्येक वॉकर प्रत्यक्षात चक्की चालवणारे असावेत.

चक्कीमुळेच हे नाव आडनाव व्हायला योग्य ठरले, असे माझे मत आहे. आडनावाचा मूळ उपयोग एका जॉनला दुसऱ्या जॉनपासून वेगळे ओळखण्याचा होता. ज्या गावात प्रत्येक जण नांगर धरतो तिथे 'नांगरणारा जॉन' म्हणून काही कळत नाही. पण लोहार गावात एखादाच असतो, तसाच चार गावांच्या मिळून एका चक्कीवरचा तुडवणारा. म्हणून स्मिथ, टेलर, राइट, वॉकर अशी आडनावे शेकडो ठिकाणी, एकमेकांशी कसलाही संबंध नसताना, स्वतंत्रपणे निर्माण झाली.

ती वंशपरंपरागत केव्हा झाली याला एकच तारीख देता येत नाही. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रथम जमीनदार घराण्यांत आडनावे स्थिरावली. सामान्य लोकांमध्ये दक्षिण इंग्लंडात ती साधारण १४व्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्की झाली. उत्तरेत, म्हणजे नेमक्या वॉकरांच्या प्रदेशात, या प्रक्रियेला १५व्या शतकापर्यंत वेळ लागला. त्यामुळे तेराव्या शतकातल्या कागदावर एखादा 'रॉबर्ट ल वॉकर' दिसला म्हणजे त्याची मुलेही वॉकर होती असे गृहीत धरता येत नाही. मुलगा सुतार झाला असेल तर तो राइट म्हणून ओळखला जाऊ शकत होता. शिवाय कारकून बहुधा लॅटिनमध्ये लिहीत, आणि फुलर असो, टकर असो वा वॉकर, लॅटिनमध्ये तो 'फुल्लो' होई. बोलण्यात त्याला काय म्हणत होते हे अशा कागदावरून थेट कळत नाही. ते प्रांतावरून आणि पुढच्या नोंदींवरून ठरवावे लागते.

या संक्रमणाचा काळ जवळून पाहायचा असेल तर १३७९ ची डोईपट्टी, म्हणजे माणशी आकारलेला कर, पाहावी. यॉर्कशरच्या पश्चिम विभागाच्या, म्हणजे वेस्ट रायडिंगच्या, त्या वर्षीच्या याद्या मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत. त्या वर्षी कर सर्वांना सारखा नव्हता. साध्या माणसाला चार पेन्स आणि कारागिराला सहा पेन्स किंवा त्याहून अधिक द्यावे लागत, म्हणून जास्त कर भरणाऱ्यांच्या नावापुढे कारकून त्याचा धंदाही लिहीत असे. नाव आणि धंदा असे दोन्ही एका ओळीत आल्यामुळे आपल्याला तपासणी करता येते. नाव वॉकर आणि पुढे कापड तुडवण्याचा धंदा लिहिला असेल, तर ते नाव अजून जिवंत वर्णन आहे. नाव वॉकर आणि धंदा शिंप्याचा किंवा लोहाराचा असेल, तर नाव धंद्यापासून सुटून घराण्याला चिकटले आहे. नाव वॉकर आणि कर केवळ चार पेन्स असेल, तर घाई करू नये. तो गरीब तुडवणारा असू शकतो किंवा तुडवणाऱ्याचा शेतमजूर झालेला मुलगाही असू शकतो. पुढे १४१३ च्या एका कायद्याने न्यायालयीन कागदांत माणसाच्या नावाबरोबर त्याचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे आवश्यक केले. त्या कागदांतून आडनाव एक आणि धंदा दुसरा अशा नोंदी वाढत जातात आणि आडनावे घट्ट झाल्याचे कळते.

आता प्रसाराकडे वळतो. इंग्लंड आणि वेल्सच्या महानिबंधक कार्यालयाने जन्म, विवाह आणि मृत्यूच्या १८५३ च्या नोंदींवरून त्या काळच्या सर्वांत प्रचलित आडनावांचा अंदाज केला होता. त्यात स्मिथ सुमारे २,५३,६०० लोकांसह पहिल्या क्रमांकावर होते आणि वॉकर सुमारे ५९,३०० लोकांसह अठराव्या. एकेक वर्तनी स्वतंत्र धरली तर व्यवसायावरून आलेल्या आडनावांत स्मिथ, टेलर आणि राइट यांच्यानंतर वॉकरचाच क्रमांक लागतो. फुलर आणि टकर त्या यादीतल्या पहिल्या पन्नासांत नाहीत. धंदा एकच असताना एवढी तफावत का पडली, हा या विषयातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे.

पहिले कारण असे की वॉकर म्हणणारा प्रदेशच मोठा होता आणि तिथल्या डोंगरउतारावरच्या वाहत्या ओढ्यांवर चक्क्या अनेक झाल्या, त्यामुळे नावाचे स्वतंत्र उगमही अनेक झाले. ईस्ट अँग्लियात, विशेषतः नॉरफोकमध्ये, तलम वर्स्टेड कापडाचा धंदा मोठा होता, आणि त्या कापडाला तुडवण्याची गरज फारशी नसते. पण माझ्या मते निर्णायक कारण नंतरचे आहे. केंट आणि सफोकचा जुना कापडधंदा १७व्या शतकात उतरणीला लागला आणि डेव्हनचा सर्ज कापडाचा व्यापार १८व्या शतकाच्या अखेरीस युद्धांमुळे खचला. त्याच सुमारास लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड आणि पलीकडे मँचेस्टर, बोल्टन, ओल्डम या भागांत कारखान्यांमुळे लोकवस्ती कधी नव्हे इतकी वाढली. इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे ८९ लाख होती, ती १९०१ मध्ये सुमारे ३ कोटी २५ लाख झाली, आणि या वाढीचा मोठा वाटा उत्तरेच्या औद्योगिक पट्ट्यात पडला. तरुणांना लवकर मजुरी मिळाली, लग्ने लवकर झाली, कुटुंबे वाढली आणि त्या पट्ट्यातली आडनावे संख्येने पुढे गेली. वॉकर वाढले ते कापड तुडवणाऱ्यांची मागणी वाढली म्हणून नव्हे. ते योग्य वेळी योग्य प्रदेशात होते म्हणून. आजही ब्रिटनमधल्या पहिल्या पंचवीस आडनावांत वॉकरची गणना होते.

स्कॉटलंडचा वाटाही लक्षात घ्यावा लागतो. तिथल्या सखल भागात वॉकर हे नाव उत्तर इंग्लंडसारखेच तयार झाले. डोंगराळ गेलिक प्रदेशात 'मॅक अन उखकातर', म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, अशा अर्थाचे नाव होते, आणि इंग्रजी व्यवहार वाढला तसे त्या कुटुंबांनी वॉकर हे भाषांतरित नाव घेतले. किल्मारनॉकमध्ये १८२० मध्ये किराणा दुकान काढणारे आणि ज्यांच्या नावाने पुढे जॉनी वॉकर ही व्हिस्की जगभर गेली ते जॉन वॉकर स्कॉटिशच होते. मुंबईत बसवाहकाची नोकरी करणाऱ्या बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्त यांनी पडद्यासाठी जॉनी वॉकर हे नाव दिले ते या व्हिस्कीवरून. कापडाच्या धंद्यातून निघालेले नाव असे एका नटाच्या टोपणनावापर्यंत पोहोचले.

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत वॉकर आडनावाच्या ५,२३,१२९ व्यक्ती होत्या आणि हे आडनाव ३१व्या क्रमांकावर होते. त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते, आणि या आकड्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर १८७० च्या जनगणनेत मुक्त झालेल्या बहुसंख्य लोकांची नावे प्रथमच आडनावासह लिहिली गेली. काहींनी मालकाचे आडनाव ठेवले, काहींनी आधीच्या पिढीतल्या मालकाचे, तर काहींनी स्वतःच्या मनाने निवडले; त्यामुळे आडनावावरून मालक शोधण्याची घाई फसवी ठरते. १८२९ मध्ये बॉस्टनहून गुलामगिरीविरुद्ध जळजळीत आवाहन प्रसिद्ध करणारे डेव्हिड वॉकर हे स्वतंत्र आईच्या पोटी जन्मलेले कृष्णवर्णीय होते. केशप्रसाधनांच्या उद्योगात नाव मिळवलेल्या मॅडम सी. जे. वॉकर जन्माने सारा ब्रीडलव होत्या आणि वॉकर हे त्यांच्या पतीचे आडनाव होते. अमेरिकेतील वॉकरांत जर्मनीहून आलेली कुटुंबेही मिसळली आहेत, कारण तिथले आडनाव बदलण्याची त्यांना गरजच पडली नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही हे आडनाव रुळलेले आहे. माओरी समाजाचे विख्यात अभ्यासक रंगिनुई वॉकर हे त्याचे एक उदाहरण. या सगळ्यांना एका पूर्वजाची लेकरे मानणे अशक्य आहे.

आपल्याकडच्या इतिहासात या धंद्याची तिन्ही नावे भेटतात, ही गोष्ट मराठी वाचकाला रस वाटेल अशी आहे. बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारी इंग्रज कंपनीचे रेसिडेंट असलेले आणि काठेवाडच्या संस्थानिकांच्या खंडणीचा १८०७ चा बंदोबस्त ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते कर्नल अलेक्झांडर वॉकर स्कॉटिश होते. १८७१ ते १८७८ या काळात बांधल्या गेलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. आणि १८८२ मध्ये मुंबईत उतरून साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे भारतातील काम सुरू करणारे फ्रेडरिक टकर. तिघांच्या आडनावांमागे एकच कुंड आणि एकच तुडवण आहे.

वॉकरांच्या वेगळ्या मुळांपैकी एक स्थलनामाचे आहे. न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाचे ठिकाण आहे. रोमन भिंतीलगतची दलदल असा त्या नावाचा अर्थ आहे, आणि तिथून बाहेर पडलेल्या काही कुटुंबांनी ते आडनाव म्हणून लावले. टकरच्या बाबतीतही अशी सावधगिरी लागते, कारण आयर्लंडमध्ये एका गेलिक घराण्याच्या नावाचे इंग्रजीकरण टकर असे झाले आहे आणि त्याचा कापडाशी संबंध नाही.

आनुवंशिक चाचण्यांबद्दल मला पुष्कळदा विचारले जाते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांच्या संशोधनात असे दिसले की दुर्मिळ आडनाव असलेल्या दोन पुरुषांमध्ये वाय गुणसूत्राचे, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राचे, साम्य आढळण्याची शक्यता बरीच असते, पण स्मिथसारख्या अतिप्रचलित आडनावात ती यदृच्छेने निवडलेल्या दोन पुरुषांइतकीच राहते. वॉकर हे दुसऱ्या वर्गातले आडनाव आहे. दोन वॉकर जवळचे नातेवाईक आहेत असा आधीच संशय असेल तर चाचणी उपयोगी पडते. केवळ आडनाव समान आहे म्हणून करून घेण्यात अर्थ नाही. मानचिन्हाचेही तसेच आहे. इंग्लंडच्या परंपरेत मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही. हे काम पाहणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सला १४८४ मध्ये सनद मिळाली आणि आजही तिथेच विचारणा करावी लागते. 'वॉकर घराण्याचे मानचिन्ह' अशी वस्तूच नसते. असलेच तर एखाद्या विशिष्ट वॉकरचे असते, आणि त्याच्यापर्यंत आपली वंशरेषा दाखवता आली पाहिजे.

ज्यांना आपल्या कुटुंबातील वॉकर शाखेचा शोध घ्यायचा आहे त्यांनी आपल्याकडून मागे जावे, १३७९ च्या यादीतून पुढे येऊ नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी आहे, १८४१ पासून जनगणनेत नावानिशी माहिती मिळते, आणि त्यामागे १५३८ च्या आदेशाने सुरू झालेल्या चर्चच्या नोंदवह्या आहेत, जरी सगळ्याच पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, त्या इतक्या जुन्या काळापासून टिकलेल्या नाहीत. मृत्युपत्रे आणि जमीनदारी न्यायालयाचे कागद यांतून काही घराणी आणखी मागे नेता येतात. कुटुंब ज्या पॅरिशमध्ये सर्वांत आधी सापडेल तिथले १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले धर्मदाय कराचे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश कराचे, नकाशे आणि त्यांच्या सोबतच्या याद्या अवश्य पाहाव्यात. त्यांत बहुधा शेतांची नावे नोंदलेली असतात, आणि ओढ्याकाठी 'वॉक मिल' किंवा उतारावर 'टेंटर क्रॉफ्ट', म्हणजे कापड ताणून वाळवण्याचे शेत, असे नाव मिळाले तर तिथे हा धंदा चालत होता हे कळते. ते कुटुंब त्याच चक्कीवरच्या कारागिराचे आहे हे मात्र त्यावरून ठरत नाही. त्यासाठी मधल्या प्रत्येक पिढीचा कागद हाती असावा लागतो, आणि उत्तरेतल्या बहुतेक वॉकर कुटुंबांची साखळी १६व्या शतकाच्या आसपास थांबते.